उद्गारचिन्हांनी अडवलेला होकार

मी एक ईमेल बोलतोय. ईमेलला कुठलं आलंय तोंड, असं म्हणू नका. मला लिहिणारा माणूस एवढा मोकळ्या गळ्याचा होता की त्यातलं थोडं माझ्यातही उतरलंय.

माझा जन्म अप्पा रंगाऱ्यांच्या दुकानात झाला. अप्पांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. 'भव्य सेल', 'आज शेवटचा दिवस', 'त्वरा करा'! हाताला वळणच तसं पडलेलं. मुलीला साधं 'कशी आहेस' विचारायचं तरी त्यांना लाल अक्षरं आणि तीन-तीन उद्गारचिन्हं लागायची. कान पार गेलेले. फोनवर 'हॅलो, हॅलो' ओरडून शेवटी स्वतःच ठेवून द्यायचे. म्हणून बापलेकीचं बोलणं मेलवर चालायचं.

दुसऱ्या शहरातल्या या मुलीने त्यांना लिहिलं होतं, "अप्पा, आता एकटे राहू नका. मागची खोली तुमचीच आहे. पण मी जबरदस्ती करणार नाही आणि पुन्हा विचारणारही नाही. मनात येईल तेव्हा कळवा."

अप्पांनी बरेच दिवस आढेवेढे घेतले. मग एका सकाळी चष्मा पुसून मला लिहायला बसले.

"खूशखबर!!! अप्पा येत आहेत!!! दुकान कायमचे बंद!!! खोली अजून शिल्लक असल्यास त्वरित कळवा!!!"

लाल अक्षरं, वर पिवळी पट्टी. नवरदेवासारखा नटूनथटून निघालो मी!

पण मुलीच्या इंटरनेट कंपनीने नुकतीच नको ते मेल अडवणारी नवी चाळणी बसवली होती. भारी खडूस बाई! मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. 'खूशखबर', 'शिल्लक', 'त्वरित'... "भामटा दिसतोय मेला," म्हणाली, आणि थेट स्पॅमच्या कोठडीत टाकलं. ही कोठडी कंपनीच्या वेबसाइटवर. मुलीला तिचा पत्ताच नव्हता. महिनाभरात कुणी सोडवलं नाही तर आतल्यांना पुसून टाकायचं, असा तिथला शिरस्ता.

आत एक जण न काढलेल्या लॉटरीचं बक्षीस वाटत होता, दुसरा टकलावर केस उगवून देत होता. मी आपला ओरडून सांगतोय, "अहो, मी खरा आहे!" तर ते म्हणाले, "आम्ही पण!"

थोड्या दिवसांनी माझा धाकटा भाऊ येऊन आदळला. "लोकाग्रहास्तव पुन्हा एकदा!!! अप्पा येत आहेत!!!" तोही अडकला. उत्तर नाही म्हटल्यावर तिकडे अप्पांना काय वाटत असेल, या विचाराने माझा जीव खालीवर व्हायचा.

मग तिसरा मेल आला. काळी, बारीक अक्षरं.

"तुझी अडचण असेल तर राहू दे. मी ठीक आहे."

चाळणीने त्याला मात्र अदबीने वाट करून दिली. मला रडूच कोसळलं.

त्याच दुपारी मुलीने कंपनीला फोन लावला. कंपनीचे फोन आमच्याच यंत्रात साठवतात, म्हणून शब्दन् शब्द माझ्या कानावर पडला.

"माझ्या वडिलांच्या मेलमध्ये एकही उद्गारचिन्ह नाही हो!"

"मॅडम, मेल मिळाला ना? मग तक्रार काय आहे?" कंपनीतली मुलगी गोंधळली.

"अहो, ते तीन उद्गारचिन्हांशिवाय नावसुद्धा लिहीत नाहीत! आणि मला कसली अडचण? आधी काहीतरी पाठवलंय त्यांनी, ते मला मिळालेलं नाही. मी वाट बघतेय, नवरा म्हणतोय अप्पांना नकार द्यायला जड जात असेल, खोलीत आता टेबल टाकू..."

"तीन-तीन उद्गारचिन्हं? थांबा मॅडम. आमच्या वेबसाइटवर जा. 'अडवलेले मेल' असं दिसतंय का बघा."

कोठडीचं दार उघडलं. तिने मला वाचलं. फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला.

"आहे, अप्पा. खोली आहे तुमची."

"मॅडम, मी कंपनीतून बोलतेय," पलीकडची मुलगी म्हणाली. पण तिचाही आवाज जरा ओला झाला होता.

मुलीने उत्तर लिहिलं नाही. गाडीची किल्ली उचलून ती सरळ निघाली.

आता मी तिच्या मेलपेटीत तळाशी पडून असतो. तुम्हाला एवढंच विनवतो, अधूनमधून त्या कोठडीत डोकावत जा. भामट्यांच्या गर्दीत तुमचंही कुणी घरचं माणूस अडकलं असेल.

अप्पांचा एकही नवा मेल तिला येत नाही. परवा तिने कंपनीतल्या त्या मुलीला एक फोटो पाठवला, तो माझ्या शेजारूनच गेला. मागच्या खोलीचं दार होतं. त्यावर ताजी, लाल रंगाची पाटी.

'अप्पा आले!!!'