माशीचं बाळंतपण

ठकू चार वर्षं माशीच्या अंड्यात डोळे घालून बसली होती. माशी म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावतं ते चिलट, आणि त्याचं अंडं रव्याच्या कणाएवढं. अंडं तीन तासांचं झालं की आतल्या भ्रूणाच्या पोटाकडच्या पेशी एकदम आत शिरतात आणि पोटावर लांब घडी पडते. खेळ सगळा पंधरा-वीस मिनिटांचा. तो सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत टिपायचा, हे ठकूचं काम. अकरा वेळा फसलं होतं. सरांनी शेवटचं सांगून टाकलं होतं, "आज पाचपर्यंत फिल्म दाखव, नाहीतर विषय धाकटीला." धाकटी म्हणजे सहा महिन्यांपूर्वी आलेली संशोधिका, भलती हुशार आणि त्याहून भलती गोड. मेलीचा धड रागही करता येत नसे.

आणि नेमकी आजच आई बरोबर आली होती. "घरी एकटी माश्या मारत बसण्यापेक्षा तुझ्या माश्या बघते," म्हणाली. छत्तीस वर्षं बाळंतपणं केलेली सुईण ती, निवृत्त झाली तरी हात शिवशिवायचे. सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत स्टुलावर पदर खोचून बसली.

ठकूनं दहा अंडी सोलली, काचेवर ओळीनं चिकटवली, सुकू नयेत म्हणून वर तेलाचा थेंब सोडला आणि काच नव्या मशीनवर ठेवली. पडद्यावर पेशींच्या कडा हिरव्या चमकू लागल्या. दोन वाजले, अडीच वाजले, तीन वाजले. घडीचा पत्ता नाही.

"अडलीय वाटतं," आई म्हणाली. "कूस बदलायला सांग."

हे आईचं रामबाण औषध. अडलेल्या बाईला तेच, झोप न येणाऱ्या नवऱ्याला तेच, न उघडणाऱ्या कपाटालाही तेच.

"आई, गप्प बसशील का गं? माझा विषय जायची वेळ आलीय!"

"मी आपलं दिसतं ते बोलले. घडी पोटावर पडणार म्हणतेस, आणि इथं तर काहीच होत नाही. म्हणजे ही पाठ असणार."

ठकू खेकसणार होती, पण तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. जुनं मशीन वरून बघायचं, म्हणून ती अंडी पोट वर करून चिकटवायची. नवं मशीन खालून बघतं. हाताला चार वर्षांची सवय! दहाही बाळं पोट छताकडे करून निवांत पडली होती आणि ती दीड तास त्यांच्या पाठी न्याहाळत होती.

"घात झाला! आठांची वेळ टळली असणार. ही कडेची दोन तेवढी मागं आहेत."

"मग फिरव की त्यांना."

"चिकटवलीत गं, फुटतील."

"मग ते जुनं मशीन कुठाय?"

ते तळमजल्यावर होतं, अडगळीत. ठकूनं काच उचलली आणि धावतच सुटली. आईनं ती सरळ काढून घेतली. "तू पुढं हो, दारं उघड." तीन जिने उतरली बाई, पण तेलाचा थेंब हलला नाही. समोरून विभागप्रमुख येत होते. "सरका, बाळं आहेत!" आई ओरडली, आणि ते बिचारे भिंतीला चिकटून उभे राहिले.

जुनं मशीन कुरकुरत सुरू झालं. चित्र अंधूक होतं. पण दहाच मिनिटांत मधल्या पेशी दबल्या, कणकेत बोट रुतावं तशा, आणि दोन्ही बाजूंच्या पेशी एकमेकींकडे धावल्या.

"आलं, आलं! हिंमत सोडू नकोस, आलं!" आईनं ठकूचा खांदा असा आवळला की वळ उठले. ठकूला रडूच कोसळलं. चार वर्षांत हे असं अख्खं तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

पाच वाजता सर आले, मागोमाग धाकटीही आली. सरांनी फिल्म तीनदा पाहिली. "छान. विषय तुझाच. पण जुन्या मशीनवर का केलंस?"

नवं बिघडलं होतं, असं म्हणता आलं असतं. पण आईदेखत थाप मारायची ठकूची आजवर छाती झाली नव्हती. "चुकलं, सर. नवं मशीन खालून बघतं, तेच विसरले. दीड तास पाठच बघत बसले."

आता कडाडतील म्हणून तिनं मान खाली घातली. सर कडाडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि चष्मा काढला.

"खालून," ते म्हणाले.

"हो, सर."

"मी महिनाभर नव्या मशीनवर दुसऱ्या जातीच्या माश्या बघतोय. त्यांच्या पोटावर घडी पडतच नाही. केवढा मोठा शोध! काल शोधनिबंध लिहून पाठवलासुद्धा."

धाकटी छताकडे बघू लागली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आई पुढं झाली आणि तिनं सरांच्या पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नका. पहिल्या खेपेला होतं असं. कुठं ठेवलीत तुमची बाळं?"