गणपतीच्या शाळेतला रंगाचा पंप

मित्रांनो, माझ्या तोंडाला मोहरीएवढे भोक आहे आणि त्या भोकाची काळजी करण्यात माझा जन्म गेला. मी रंग उडवणारा एक जुना पंप आहे. वर्षाचे दहा महिने मी गोणपाट पांघरून कोपऱ्यात बसतो. श्रावण आला की मला एकेक शंका घेरू लागते. यंदा रंग नीट येईल ना? सुई अडकणार नाही ना? मी स्वभावाने भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझे अंग दोन भागांचे. एक बंदूक. तिला वर रंगाची वाटी, आत लांब सुई आणि पुढे ते बारीक तोंड. दुसरा पायपंप. त्याच्या पायडलवर पाय मारला की नळकांड्यातला चामड्याचा वायसर खाली-वर होतो आणि वारा रबरी नळीतून बंदुकीत येतो. म्हणजे एकाने पाय मारायचा आणि दुसऱ्याने रंग मारायचा. एकट्यादुकट्याचे ते काम नव्हे.

मुंबईत एका कारखान्यात मी लोखंडी खाटा रंगवीत असे. तिथे मला चालवणारा तरुण म्हणजे हरिश्चंद्र मेस्त्री. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाने निरोपाची भेट म्हणून मला त्याच्या हाती दिले. एकोणीसशे सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात आम्ही बोटीने मालवण बंदरात उतरलो. सारा प्रवास हरिश्चंद्राने मला मांडीवर घेऊन केला. खारा वारा लागून मी गंजेन की काय, ह्या धास्तीने मला समुद्रसुद्धा धड पाहता आला नाही.

हरिश्चंद्राचे वडील धोंडू मेस्त्री. गाव त्यांना आबा म्हणे. त्यांच्या पडवीत गणपतीची शाळा होती. पाटी-पुस्तकांची शाळा नव्हे बरे! जिथे मातीचे गणपती घडतात त्या जागेला आमच्याकडे शाळा म्हणतात. नागपंचमीच्या सुमारास घरोघरचे लाकडी पाट शाळेत येतात. ज्या घरचा पाट, त्या घरचा गणपती त्याच पाटावर बसतो आणि चतुर्थीला त्याच पाटासह डोक्यावरून घरी जातो. पाट एकदा शाळेत आला की तो रिकामा परत जाऊ नये, ही आबांची आयुष्यभराची काळजी.

मला पाहून आबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्या काय हाडलंस रे? देव काय आंब्याचा झाड आसा, फवारूक?"

"आबा, तुमी फकत पाय मारा," हरिश्चंद्र हळूच म्हणाला. "बाकी मी बघतंय."

आबांनी उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवला आणि मला सगळे समजले. तो हात कापत होता. ब्रश धरला की गणपतीच्या अंगावर रेघोट्या उठत. गावात अजून कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. ज्या हाताने गावाचे देव रंगवले तो हात कापतो, हे आबांना कोणाला कळू द्यायचे नव्हते. हरिश्चंद्राने मला बोटीतून मांडीवर का आणले होते, ते मला त्या क्षणी उमगले.

आबांनी पायडलवर पाय ठेवला. हात कापणाऱ्या त्या माणसाचा पाय मात्र कसा ठाम! ठप्... ठप्... ठप्... माझ्या नळीत एकसारखा वारा भरला. हरिश्चंद्राने सरसाच्या पातळ खळीत कालवलेला रंग फडक्यातून गाळून वाटीत ओतला, मला मूर्तीपासून वीतभर लांब धरले आणि हात कुठेही न थांबवता फिरवला. थांबला की ओघळ येतो. गणपतीच्या सोंडेवर गुलाबी रंग असा अलगद बसला की आबा पाय मारायचे विसरले.

त्यानंतर आमचे बरे दिवस आले. माणसे मुद्दाम शाळेत येत आणि "आबांचा मशीन" बघून जात. डोळ्यांची आखणी हरिश्चंद्र करी. लोकांना वाटे, आबांनी हौसेने मुलाला पुढे केले आहे. रोज काम संपले की हरिश्चंद्र माझी वाटी रिकामी करी, स्वच्छ पाणी फवारून माझे तोंड धुई, सुई काढून पुशी आणि सगळे कोरडे करून ठेवी. रंग आत वाळला तर मी मेलोच म्हणून समजा.

दोन वर्षांनी सुभद्रा ह्या घरात सून म्हणून आली. तिचे माहेर आरोंद्याचे, खाडीकाठचे. त्या ज्येष्ठात हरिश्चंद्र शेताच्या गडबडीत होता. जाता जाता तो तिला म्हणाला, "पंप जरा पुसून ठेव गो." सुभद्राने मला मायेने पुसले. तिच्या माहेरी खारे वारे. कोयता असो, विळी असो, लोखंडाला खोबरेल लावल्याशिवाय तिच्या आईने कधी ठेवले नव्हते. तिने आपली वेणीफणीची बाटली आणली आणि माझ्या सुईला, वाटीला, तोंडाला, जिथे म्हणून भोक दिसले तिथे खोबरेल सोडले.

मी आतून ओरडत होतो, 'अगं बाई, नको! मी कोयता नव्हे!' पण मित्रांनो, माझ्या तोंडातून रंग येतो, शब्द येत नाही. मग पावसाच्या गारठ्याने ते तेल माझ्या वाऱ्याच्या वाटेत थिजून बसले आणि मी श्रावणाची वाट पाहत कुढत राहिलो.

चतुर्थी आठवड्यावर आली. शाळेत पांढरे गणपती दाटीने बसले होते. हरिश्चंद्राने पहिल्या मूर्तीवर रंग मारला आणि त्याचा हात थबकला. गुलाबी रंगात जागोजाग वाटोळे ठिपके उमटले होते. ठिपक्यांत रंग धरतच नव्हता. पांढरी माती कोडासारखी दिसत होती.

"आबा, रंग फाटता," तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

त्याने मला खोलले. घासलेटने धुतले. पुन्हा रंग भरला. ठिपके वाढले! सरसाच्या रंगाला घासलेटही तेलच. त्यातून घासलेटाच्या उग्र वासात खोबरेलाचा वास पार बुडून गेला. आता त्याला कळायचे तरी कसे? तो मला रोज उलगडी, रोज जोडी. बाहेर पावसाने झड धरली होती. पुसलेल्या मूर्ती वाळत नव्हत्या. एकट्या हरिश्चंद्राने त्या सगळ्या ब्रशाने रंगवणे आठवड्यात होणारे नव्हते.

आबांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. "बा देवा महाराजा, आज जा काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे, नि ह्या लेकराच्या हाताक यश दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" हरिश्चंद्र म्हणाला. दारामागे सुभद्राचे नुसते ओठ हलले.

तिला कळले होते. तेलकट भांड्यावर पाणी कसे ठिपक्याठिपक्यांनी उभे राहते, हे कोणत्या बाईला माहीत नसते? पहिल्याच दिवशी ते ठिपके पाहून तिने पदर तोंडाला लावला होता. पण सासरची पहिली चतुर्थी. शाळा आपल्या हाताने बुडाली हे सांगायचे कसे? ती येई, माझ्याकडे पाही आणि परत जाई. मी मनात म्हणत होतो, 'बोल गं बाई, बोल. मला बोलता येत नाही, तू तरी बोल.'

अशात भाई परब आले. गावातले मानाचे माणूस, पहिला पाट त्यांचा. छत्री झटकत ते पडवीत शिरले.

"काय ओ आबा, चवथ तोंडार इली नि गणपती अजून पांढरेच?"

"मशीन बिघडला," हरिश्चंद्र पुटपुटला.

"मगे मशिनीक ठेवा बाजूक! आबा, तुमी घेवा ब्रश. तुमच्या हातात काय कमी कला आसा? माझ्यासमोर मारा बघूया दोन हात." भाई मोठ्या प्रेमाने बोलले आणि समोरच बैठक मारून बसले.

आबांचा चेहरा पांढरा पडला. नाही म्हणावे तर कारण काय सांगायचे? त्यांनी ब्रशाकडे हात नेला. सोग्यातून बाहेर आलेला तो हात थरथरू लागला. भाई अजून खाली मान घालून ओली छत्री नीट गुंडाळीत होते. ते आता मान वर करणार होते. हरिश्चंद्राने डोळे मिटून घेतले. माझ्या अंगातला होता नव्हता तो वारा निघून गेला.

"आबा, थांबा!"

सुभद्रा चौकटीतून थेट पुढे आली आणि आबांच्या नि भाईंच्या मध्ये उभी राहिली. परक्या पुरुषासमोर ती कधी बोलली नव्हती.

"पंप माझ्यामुळे बिघडलो. मी तेच्यात खोबरेल घातलंय."

"खोबरेल?" हरिश्चंद्र ओरडला. "खंय घातलंस?"

"जंय भोक दिसला थंय. गंज लागात म्हणान."

"मगे आधी कित्या नाय सांगलंस?"

"भियालंय."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. भाई तिच्याकडेच बघत राहिले. तिच्या पाठीमागे आबांनी हात सोग्यात घेतला.

"गप रे," आबा मुलाला म्हणाले. "तिना वायटासाठी नाय केल्यान. आता ता तेल काढूचा कसा ता बोल."

हरिश्चंद्र डोके धरून बसला. सुभद्राने डोळे पुसले.

"डोक्यातला खोबरेल कित्यान जाता? रिठ्यान. मगे हेच्यातला जावचा नाय?"

चुलीवर पाणी चढले. रिठ्यांचा फेस झाला. त्या कढत पाण्यात माझी सुई, वाटी, तोंड, नळी सगळे न्हाऊन निघाले. पाण्यावर तेलाचे तवंग आले. सुभद्रा ते पाणी फेकून देई आणि पुन्हा नवे घाली. मग साधे पाणी, मग चुलीची ऊब. हरिश्चंद्राने भीत भीत एका कौलावर रंग मारला. एकही ठिपका नव्हता.

"मारा पाय, आबा!" भाईच ओरडले.

शेवटल्या गणपतीचे डोळे आखून झाले तेव्हा चतुर्थीची पहाट उजाडत होती. एकही पाट रिकामा गेला नाही. पडवी मोकळी झाल्यावर आबांनी सुनेला जवळ बोलावले.

"सुने, माझो हात बघलंस मा?"

"माका काय्येक दिसूक नाय, आबा," ती म्हणाली आणि झाडू घेऊन पडवी झाडू लागली.

हरिश्चंद्राने पुढे तिला माझा पायपंप उघडून दाखवला. "तेल हय घाल. ह्या चामड्याक व्हया, नायतर ता सुकान फुटता. सुयेक मात्र नको." तेव्हापासून ती खोबरेलाची बाटली माझ्या शेजारीच असते.

मित्रांनो, आबा पुढे आणखी चार चतुर्थ्या पाय मारत होते. चौसष्ट साली ते गेले. त्या वर्षी हरिश्चंद्राने श्रावणभर एकट्याने ब्रश चालवला, मला गोणपाटातून काढलेच नाही. पायडलवर दुसऱ्या कोणाचा पाय त्याला बघवेना. पुढच्या श्रावणात सुभद्राने मला बाहेर ओढले. माझा वायसर कडक झाला होता. तिने त्याला खोबरेल चोळले. आबांच्या टाचेने घासून खोलगट झालेल्या पायडलला तिने हात लावून नमस्कार केला आणि मग त्याच खळग्यात आपला पाय ठेवला. ठप्... ठप्... हरिश्चंद्र आतून धावत आला, दारात थांबला आणि रंग गाळायला बसला.

माझी काळजी मात्र अजून सुटलेली नाही. उद्या मला कोण हाताळील कोण जाणे! म्हणून सांगून ठेवतो. नुसत्या मायेने माझे भागत नाही, मला काय हवे तेही विचारा. सुईला रिठ्याचे पाणी द्या, चामड्याला तेल द्या. आणि तुमच्या घरात कोणाचा हात कापू लागला, तर त्याला कोपऱ्यात बसवू नका. त्याच्या पायाखाली एक पायडल द्या.