बंद नंबरची घंटी

भिकुबाईच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं गाव तिथंच, आणि शेजारच्या दोन गावांची उरलेली अर्धी माणसं गल्लीत. बाया डोक्यावर पदर घेऊन, पुरुष मोबाइल हातात घेऊन. मधोमध पाटावर तांब्याचा एक गोल डबा, आत लाल फडकं आणि फडक्यावर एक जुना मोबाइल. बाजूला झेंडूचा हार, उदबत्ती आणि मगन महाराज.

"लाव रे फोन!" महाराज गरजले.

महाराजांजवळच्या एका पोराने नंबर लावला आणि डब्यातला मोबाइल थरथरत वाजला. बायांनी हात जोडले. कुणीतरी हुंदका दिला.

"गिरधर आला!" महाराज म्हणाले. "खाली कंपनीनं तोडलं, वर नारायणानं जोडलं! बिल नाही, पावती नाही, तरी घंटी वाजते. बोला, आहे कुणाच्या सायन्समध्ये हिंमत?"

सायन्स मागे चपलांच्या ढिगाजवळ उभं होतं, घामाने भिजलेलं आणि भयंकर चिडलेलं. म्हणजे मी. डॉक्टर जीनत. साक्रीत माझा दवाखाना आहे, आणि माझा आवाज दवाखान्याबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही पाठ आहे.

मी आले होते दीपमालासाठी. ही भिकुबाईची सून, गिरधरची बायको. नर्सिंग शिकताना वर्षभर माझ्याकडे शिकाऊ होती. हाताला अशी हलकी, की रडकं पोर इंजेक्शन घेऊन झाल्यावर विचारायचं, कधी देणार? गिरधर तिला रोज मोटारसायकलवरून सोडायला यायचा. मागच्या हिवाळ्यात ट्रॅक्टर उलटला आणि तो गेला. आता दीपमालाला जळगावच्या सरकारी इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. उद्या सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या नावाला. आणि पोरगी घराचा उंबरा ओलांडायला तयार नव्हती. शेजारणीच्या फोनवरून तिने मला एवढंच सांगितलं होतं, "मॅडम, मला न्यायला या. पण मी येईन की नाही, मला माहीत नाही."

घडलं होतं ते असं. गिरधर गेल्यावर भिकुबाईनेच अर्ज देऊन त्याचा दरमहा बिलाचा नंबर बंद केला. बंद झाल्याचा कंपनीचा निरोप आला, बिलं थांबली. पण म्हातारी मुलाचा मोबाइल चार्ज करून ठेवायची, त्यातले फोटो बघायची. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्या खान्देशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, त्याला जेवायला बोलावतात. घागर भरली, आमरसाचं ताट वाढलं, आणि भिकुबाईला काय वाटलं कोण जाणे, तिने मुलाचा नंबर लावला. कानात त्याने लावून ठेवलेली बासरीची ट्यून, आणि कपाटात फोन वाजायला लागला! ज्या दिवशी पितरांना बोलवायचं, नेमक्या त्याच दिवशी. तिच्या जागी मी असते तर मीही तो नंबर पुन्हा पुन्हा लावत बसले असते.

तिसऱ्या दिवशी मगन महाराज दारात हजर. हा बाबा पूर्वी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. त्याने एक नियम काढला. गिरधरचा जीव बायकोच्या पावलांत अडकलाय, ती घरात आहे तोवर लाईन चालू. तिने उंबरा ओलांडला की लाईन तुटली, आणि जीव कायमचा भटकला. दीपमालाचा भाऊ तिला आखाजीनंतर माहेरी न्यायला आला होता, तो हात हलवत परत गेला. आता दर बाजाराच्या दिवशी दर्शन होतं. समोर 'आत्म्याचा रिचार्ज' असं लिहिलेलं ताट. असल्या धंद्याला धर्म नसतो बरं का! आमच्या मोहल्ल्यातही फुंकर मारून ताप उतरवणारे आहेत, आणि ते मला बघून रस्ता बदलतात.

मी गर्दीतून वाट काढत आत शिरले. दीपमाला दाराच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक. कित्येक दिवसांत ऊन लागलं नसावं.

"चल. गाडी उभी आहे."

"मॅडम, तुम्ही हसाल," ती हळूच म्हणाली. "मी शिकलेली आहे, मला सगळं कळतं. पण मागच्या दर्शनाला महाराजांनी मला अंगणात पाऊल टाकायला लावलं आणि खरंच फोन लागेना. मी बघितलं. मी गेले आणि ते खरंच गेले तर?"

मला हसू आलं नाही, मला रडू आलं. दाराला ना कडी ना कुलूप, आणि पोरगी आत कोंडलेली! पण रडून काय होणार? मी ओट्यावर आले.

"महाराज, मलाही चमत्कार दाखवा की."

महाराज खुलले. गिऱ्हाईक डॉक्टर असलं की भाव वाढतो. त्यांनी दीपमालाला बोलावलं. "टाक बेटी, एकच पाऊल बाहेर. या बाईंची खात्री पटू दे." ती उठली. तिचं पाऊल उंबऱ्यावर येताच महाराजांनी डोळे मिटले, "पडदा, पडदा!" असं पुटपुटत डब्यावर तांब्याचं झाकण दाबून बसवलं आणि त्यावर फूल ठेवलं.

"आता लाव फोन!"

पोराने लावला आणि स्पीकर सुरू केला. बाईचा आवाज आला, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"ऐकलंत? कंपनीची बाई स्वतः सांगते, गिरधर क्षेत्राच्या बाहेर गेला! ये बेटी, आत ये." दीपमाला आत पळाली. झाकण निघालं. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. जयजयकार!

अरे वा रे पठ्ठ्या! सगळे बघत होते तिच्या पावलाकडे, आणि बाबाचा हात होता झाकणावर.

"आता एकदा झाकण न लावता करा," मी म्हणाले.

"झाकण म्हणजे देवाचा पडदा. त्याशिवाय दोष लागतो."

"बरं, मग दोष मला लागू दे." मी भिकुबाईच्या चुलीजवळून पितळेचा डबा उचलला, माझा स्वतःचा मोबाइल आत टाकला, झाकण घट्ट लावलं आणि ओट्यावर सगळ्यांसमोर ठेवला. "लावा माझा नंबर. मी इथंच उभी आहे, जिवंत आहे, आणि माझा नवरा साक्रीत घरातच बसून वरण-भात खातोय."

पोराने लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर!

गर्दीत कुजबूज झाली. शेजारचे पुनाभाऊ पुढे आले. "म्याडम, मन्हा कुकर बी चाली का?"

"आणा की!"

मग काय विचारता! कुकर आला, पेढ्यांचा डबा आला, कुणी दुधाची किटली आणली. मोबाइल आत, झाकण बंद, लाव फोन. कुकरमधला फोन मुकाट. पेढ्यांच्या डब्याचं झाकण सैल होतं, तो आतून वाजला, आणि ते फार बरं झालं. लोकांना कळलं की सगळा महिमा झाकणाचा आहे. मी सांगितलं, "फोनच्या लहरी धातूच्या बंद डब्यात नीट शिरत नाहीत. तुमच्या गावात रेंज आधीच कशीबशी, त्यात तांब्याचं घट्ट झाकण. गिरधर कुठे गेला नाही, आला नाही. बाबाने फोन झाकला आणि उघडला."

लोक हसायला लागले. महाराजांचं तोंड उतरलं, पण माणूस मुरलेला. "डब्याचं राहू द्या! कंपनीनं बंद केलेला नंबर चालवतं कोण? सांगा!"

हसू थांबलं. भिकुबाई खांबाला धरून उठली. "डाक्टरीणबाई, डबाना खेळ मी मानी लिधा. पन घंटी वाजस, ती कोन वाजाडस?"

खरं सांगते, मला माहीत नव्हतं. आणि तसंच मी मोठ्याने सांगितलं. "अक्का, मला माहीत नाही. पण मला माहीत नाही म्हणजे भूत आहे, असं नाही होत. ज्याला माहीत आहे त्याला विचारायचं."

गिरधरच्याच मोबाइलवरून मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. स्पीकर चालू.

"मॅडम, हा नंबर आमच्याकडे बंद आहे."

"अहो, मी याच नंबरवरून बोलतेय!"

"ते शक्य नाही, मॅडम."

"मग तुम्ही कोणाशी बोलताय? माझ्या भुताशी?"

गर्दी खो खो हसली. तिकडे वाजंत्री लागली, मग दुसरा माणूस, पुन्हा वाजंत्री. नंबर नाही म्हणून तक्रार नाही, तक्रार नाही म्हणून बंद करता येत नाही! मी कपाळावर हात मारला. शेवटी तांत्रिक विभागातला एक समंजस आवाज आला. त्याने बराच वेळ काहीतरी तपासलं.

"मॅडम, चूक आमची आहे. बिलाचं खातं एकीकडे असतं, लाईन दुसरीकडे. खातं बंद झालं, पण लाईन तोडायचा हुकूम पुढे पोचलाच नाही. म्हणून बिल निघत नाही आणि फोन चालू राहिला."

मी गावाकडे वळले. "कळलं का? ग्रामपंचायतीने पाणीपट्टीतून नाव कमी केलं, पण नळ तोडायला कुणी आलंच नाही. पाणी येत राहिलं. त्याला आपण गंगा म्हणतो का?"

"हात्तीच्या!" पुनाभाऊ म्हणाले. "बठ्ठा घोळ कंपनीना शे!" महाराज ताट काखेत मारून गर्दीतून सटकायला बघत होते. बायांनी त्यांना आधी ताट खाली ठेवायला लावलं, मग वाट दिली.

फोनमधला आवाज म्हणाला, "आता लगेच बंद करतो. बंद करण्याचा अर्ज भिकुबाईंचा आहे, त्यांनी एकदा तोंडी सांगावं. आणि बंद करण्याचं कारण काय?"

मी मोबाइल भिकुबाईपुढे धरला. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली.

"बंद कया, ते मंग मी फोन कोले लावू?" तिने मला विचारलं.

कोले, म्हणजे कोणाला. दीपमाला उठून तिच्याजवळ आली. "राहू द्या, आई. नका बंद करू. मी नाही जात."

त्या क्षणी मला कळलं, पोरीला बाबाने धरलं नव्हतं. दोघींनी एकमेकींना धरून ठेवलं होतं, आणि बाबाने त्यावर दुकान मांडलं होतं.

भिकुबाईने सुनेच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मग फोन स्वतःच्या हातात घेतला.

"मन्हा गिरधर वारी ग्या, भाऊ," ती म्हणाली. "तो आते नही शे. बंद कर."

मुलगा गेल्यापासून हे शब्द तिने तोंडातून काढले नव्हते, असं दीपमालाने मला नंतर सांगितलं. म्हातारी मटकन खाली बसली आणि मोकळं रडली. बायांनी तिला धरलं. मग तिने डोळे पुसले, सुनेचा दंड पकडला आणि स्वतः तिला उंबऱ्याबाहेर, ओट्याखाली, माझ्या गाडीपर्यंत घेऊन आली.

"जाय बेटा. नोकरीवर जाय. रोज फोन कर माले, तू जिवंत शे."

दीपमाला आता जळगावला नर्स आहे.

बाबांनो, आपलं माणूस गेलं तर रडा, त्याच्या नावाने घागर भरा, त्याचे फोटो जपा. मी कोण तुम्हाला अडवणारी? पण एखादी गोष्ट कळली नाही तर 'कळली नाही' म्हणा आणि विचारा. डबा उघडून बघा, फोन लावून बघा, चार ठिकाणी चौकशी करा. कुणी सांगितलं की या चमत्कारासाठी घरातल्या बाईला घरात बसवा, तर तिथल्या तिथे ओळखा की चमत्कार खोटा आहे. आणि आधी त्या बाईला बाहेर काढा, मग वाद घाला.