साडेएकोणसत्तरचा चमत्कार

शनिवारी सकाळी नऊ वाजता कोबर्ग उपनगरातल्या सायकल दुकानाच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. हेल्मेटं, घामेजलेले रंगीत टीशर्ट, कॉफीचे कप आणि मधल्या टेबलावर पसरलेला नकाशा. नकाशावर ओणवा होऊन डेन्झिल पास्क उभा होता. त्याच्या बोटांत लाल दोरा होता, दोऱ्याला स्पोक आवळायची पितळी चावी बांधलेली होती आणि ती चावी नकाशावर गोल गोल फिरत होती.

"शू! कुणी बोलू नका," मर्व ट्रँटर म्हणाला. तोपर्यंत तसं कुणीच बोलत नव्हतं.

मर्व हा शनिवारच्या सायकल मंडळाचा चिटणीस. वय सदुसष्ट, उंची ट्रामच्या दारात डोकं आपटेल एवढी आणि नोकरीही जन्मभर ट्राम चालवण्याचीच. एप्रिलमध्ये त्याची निळी सायकल कुलूप तोडून नेली होती. डेन्झिलने ती अर्ध्या तासात नकाशावर शोधून दिली आणि त्या दिवसापासून मर्व त्याचा परमभक्त झाला.

"पाणी दिसतंय," डेन्झिल डोळे मिटून म्हणाला. "पूल दिसतोय. पुलाखाली एक दुःखी सायकल आहे. मला तिची साखळी ऐकू येतेय, हुंदके देतेय बिचारी." एवढ्यात त्याने उजवा गुडघा गच्च धरला. "ठणकला! गुडघा ठणकला! मेरी क्रीकच्या पुलाखाली, डाव्या हाताच्या झुडपात. पळा!"

चौघे पळाले. वीस मिनिटांत ते इमोजेनची हिरवी सायकल घेऊन परत आले आणि गल्लीत टाळ्यांचा कडकडाट झाला. इमोजेन दातांच्या दवाखान्यात नर्स होती, चणीने लहानखुरी. तिने आधी सायकलला मिठी मारली, मग डेन्झिलला. मर्वने उलटं हेल्मेट फिरवलं आणि ते नोटांनी भरलं. डेन्झिल मात्र दुसरीकडे बघत राहिला, कारण ज्या लहरींवरून त्याला सायकली सापडत, त्यांना पैशांचा स्पर्श सोसत नसे. हेल्मेट भरल्यावर तो सोसायचा.

"सातवी!" मर्व छाती फुगवून म्हणाला. जणू त्यानेच शोधली होती.

दुकानाच्या दारात हात पुसत नेरिडा उभी होती. दुकान तिचं. तीस वर्षं तिने लोकांच्या सायकली दुरुस्त केल्या होत्या आणि तेवढीच वर्षं मर्वची चेष्टा.

"इमोजेन, आण गं इकडे," ती म्हणाली. "सीट नीट करून देते."

"तुला कसं कळलं सीट बिघडलीय ते?"

"माझाही गुडघा ठणकला," नेरिडा म्हणाली.

मर्वला हे मुळीच आवडलं नाही.

आता डेन्झिलचे नियम सांगायला हवेत. पहिला नियम, पोलिसांकडे जायचं नाही. पोलिसी कागदाने लहरी गढूळ होतात आणि सायकलीची वाचा बसते. दुसरा नियम, तुटलेलं कुलूप त्याच्याकडे आणून द्यायचं, म्हणजे तो ते चार रस्त्यांच्या नाक्यावर पुरून टाकणार. आणि तिसरं म्हणजे, त्याला सायकलवर बसायला कुणी सांगायचं नाही. गेल्या वीस वर्षांत त्याने सायकलला पाय लावला नव्हता. लहरी वाहून वाहून त्याचा गुडघा हळवा झाला होता, म्हणून तो सगळीकडे चालत जाई आणि तेही लंगडत. वस्तीत चोऱ्या सुरू झाल्या त्या मार्चमध्ये, आणि डेन्झिल इथे राहायला आला तोही मार्चमध्येच. हा योगायोग मर्वला फार शुभ वाटत असे.

पण त्या शनिवारी मर्वचं लक्ष टाळ्यांत नव्हतं. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर स्टाव्रुलाबाई काठी टेकून बसल्या होत्या.

स्टाव्रुलाबाई त्याच्याच रस्त्यावर राहायच्या. वय एकोणऐंशी, माहेर ग्रीसमधलं, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. चालणं जमत नसे, पण तीनचाकी सायकल त्या अशी हाणायच्या की गाडीवाले भोंगा वाजवायचं विसरत. पुढे टोपली, मागे टोपली आणि हँडलला नजर लागू नये म्हणून निळ्या काचेचा डोळा. दर शुक्रवारी त्या त्याच सायकलवरून फॉकनरच्या दफनभूमीत नवऱ्याला भेटायला जायच्या, मेणबत्ती लावायच्या, आठवडाभराच्या तक्रारी त्याच्या कानावर घालायच्या आणि परत यायच्या. बसने जायचं तर पुढे चालणं फार, आणि मुलगा राहायला पर्थला.

दोन आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी, ती सायकल घरासमोरून नाहीशी झाली. स्टाव्रुलाबाई पोलिसांकडे निघाल्याच होत्या. मर्वने त्यांना फाटकातून परत वळवलं.

"पोलिसांचं नाव काढू नका, स्टाव्रुलाबाई. आपला डेन्झिल आहे ना! शब्द देतो तुम्हाला, शुक्रवारच्या आत सायकल दारात."

शुक्रवार गेला. त्याच्या पुढचाही गेला.

"डेन्झिल, यांचं बघ ना रे," मर्व आता अजिजीने म्हणाला.

डेन्झिलने चावी फिरवली. चावी फिरली, थांबली, उलटी फिरली.

"अवघड आहे," तो म्हणाला. "दोन चाकांची सायकल एका दिशेला जाते. इथे चाकं तीन. तिन्ही चाकांची ओढ तीन दिशांना आहे, लहर फाटते. वेळ लागेल."

"पो पो पो!" स्टाव्रुलाबाई माहेरच्या ग्रीक भाषेत हळहळल्या. "माझी तर तिन्ही चाकं एकाच दिशेला जायची, बाबा. वीस वर्षं चालवली मी."

लोक हसले. स्टाव्रुलाबाई हसल्या नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या मर्वला म्हणाल्या, "परवा त्याला जाऊन छत्तीस वर्षं झाली. तो दिवस मी कधी चुकवला नव्हता, मर्व." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मर्वला ते ऐकवेना.

गुरुवारी तो नेरिडाच्या दुकानात ब्रेक दाखवायला गेला. ब्रेक ठीक होते. खरं तर त्याला कुणाशी तरी बोलायचं होतं.

"तुझी सायकल मिळाली तेव्हा सीटचं काय झालं होतं, आठवतंय?" नेरिडाने विचारलं.

"दोन बोटं खाली गेली होती. डेन्झिलने सांगितलं ना तेव्हाच. चोर बसला की त्याच्या पापाच्या भाराने सीट खचते."

"बरं. आणि इमोजेनची?"

"तिचीही खचलीच असणार."

"तिची चार बोटं वर गेली होती." नेरिडाने पाना खाली ठेवला. "पापाच्या भाराने सीट वर कशी जाते रे, मर्व? चोर फार पुण्यवान होता का?"

मर्व ब्रेकच्या तारेशी चाळा करू लागला.

तिने कामाची वही त्याच्यासमोर टाकली. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सायकलची सीट ती आधी मोजायची, पेडलच्या मधल्या दांड्यापासून वरपर्यंत. कोण किती उंचीवर बसतो यावरून पुढे भांडणं होतात, म्हणून ही सवय. मर्वने पानं उलटली. त्याची स्वतःची निळी सायकल, साडेएकोणसत्तर सेंटिमीटर. इमोजेनची हिरवी, साडेएकोणसत्तर. मग तिसरी, चौथी. सापडलेल्या सातही सायकलींपुढे तोच आकडा होता.

आता, हे सायकलवाल्यालाच कळावं. बायको किती साखर घेते हे त्याला आठवणार नाही, पण आपली सीट किती उंचीवर हवी ते मिलिमीटरपर्यंत पाठ असतं. अर्धा सेंटिमीटर चुकला तर गुडघा बोंबलतो. मर्वची सीट होती साडेत्र्याहत्तर आणि त्याने सीटच्या दांड्यावर त्या जागी पांढरी पट्टी चिकटवली होती. सात चोरांचे पाय हुबेहूब एका मापाचे असणं शक्य नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं. कळलं, पण वळायला मन तयार होईना.

"म्हणजे चोर एकच आहे," तो म्हणाला. "असेल. त्यात डेन्झिलचा काय संबंध?"

"गुडघा दुखरा असलेला चोर आहे. दोन किलोमीटर जायचं तरी सीट मापाला आणल्याशिवाय त्याला पेडल मारवत नाही." नेरिडाने वही मिटली. "आणखी मी काही बोलणार नाही. तूच चिटणीस आहेस."

"नेरिडा, तुला कशातच काही दिसत नाही!" मर्व ओरडला आणि ब्रेक न लावता गल्लीबाहेर पडला.

रात्री त्याला झोप लागली नाही. शुक्रवारी सकाळी त्याने स्टाव्रुलाबाईंची बेल वाजवली. "चला, पोलिसांकडे जाऊ," तो म्हणाला. "लहरी गढूळ झाल्या तर होऊ देत."

पोलीस ठाण्यात खिडकीमागच्या हवालदारीण बाईंनी वर्णन अर्धंच ऐकलं. "तीनचाकी? दोन टोपल्या? निळा डोळा?"

"तोच!" स्टाव्रुलाबाई काठी आपटून म्हणाल्या.

"अहो आजी, अडीच आठवडे झाले, सायकल मागच्या खोलीत उभी आहे. कुणी तक्रारच दिली नाही. कळवायचं तरी कुणाला?"

झालं होतं असं. त्या मंगळवारी रस्त्यावर मोठा कचरा उचलायचा आठवडा होता. लोकांनी जुनी कपाटं, गाद्या, मोडके पंखे घरासमोरच्या गवताच्या पट्टीवर काढून ठेवले होते आणि त्यातलं हवं ते कुणीही उचलून न्यावं हा इथला रिवाज. शेजाऱ्याच्या मोडक्या सोफ्याला खेटून स्टाव्रुलाबाईंनी सायकल लावली आणि चष्मा घ्यायला त्या आत गेल्या. नव्याने राहायला आलेल्या एका जोडप्याला वाटलं, हीपण फुकटातली. घरी गेल्यावर टोपलीत दफनभूमीच्या मेणबत्त्या दिसल्या तेव्हा त्यांना चूक उमगली. घर कोणतं ते आठवेना, म्हणून संध्याकाळीच त्यांनी सायकल पोलिसांकडे जमा केली.

म्हणजे चोरी झालीच नव्हती. सायकल घरापासून पाच मिनिटांवर होती आणि स्टाव्रुलाबाई आणि ती सायकल यांच्यामध्ये उभा होता फक्त मर्व. हे त्याला तिथेच, खिडकीसमोर, लख्ख दिसलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. स्टाव्रुलाबाईंनी त्याच्या पाठीवर धपाटा घातला. "रडतोस काय? मला दफनभूमीत जायचंय. हवा भर चाकांत."

दुसऱ्या दिवशी शनिवार. गल्ली भरली, नकाशा पसरला, चावी फिरू लागली.

"डेन्झिल," मर्व म्हणाला, "आज फक्त स्टाव्रुलाबाईंची सायकल शोध."

डेन्झिलने डोळे मिटले. "लागतेय, लहर लागतेय. पश्चिम. खाडीपलीकडे. एका पत्र्याच्या शेडमध्ये. अरेरे! तिचे सुटे भाग केलेत, मर्व. तिसरं चाक कधीच विकलं. मालकिणीने आता तिची आशा सोडावी."

मागून घंटा वाजली. ट्रिंग ट्रिंग.

"बाजूला व्हा! बाजूला!" गर्दी फाटली आणि स्टाव्रुलाबाई तिन्ही चाकांनिशी टेबलापर्यंत आल्या. "काय रे, कोणतं चाक विकलंस म्हणे?"

डेन्झिलची चावी हवेतच थांबली. पण बुवा तो बुवाच. "बघा!" त्याने हात उंचावले. "माझ्या लहरींनी तिला जोडून परत आणलं!"

"अडीच आठवडे पोलिसांकडे होती," मर्व म्हणाला. "तुझ्या नियमामुळे आम्ही विचारायलाच गेलो नाही. तू ठेवली नव्हतीस, म्हणून तुला सापडली नाही."

गल्लीत कुजबुज झाली. नेरिडाने दुकानातून एक काळी सायकल आणली आणि मर्वकडे दिली. "बस."

मर्व बसला. त्याचे गुडघे कानाला लागायचे तेवढे बाकी राहिले. इमोजेन बसली, तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. लोक हसू लागले.

"हिची सीट साडेएकोणसत्तर," नेरिडा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सापडलेल्या सातही सायकलींची सीट याच मापावर होती. वही टेबलावर आहे, ज्याला हवं त्याने बघावी. डेन्झिल, जरा बस बरं."

"मी वीस वर्षं सायकलला—"

"चालवू नकोस. नुसता बस."

न बसावं तर संशय, बसावं तर गुडघा. शेवटी तो बसला. नेरिडाने त्याची टाच पेडलवर टेकवली आणि पेडल पार खाली नेलं. पाय सरळ झाला. वाकला नाही, ताणला नाही, अगदी शिंप्याने माप घेतल्यासारखा बसला. एवढ्या सायकलवाल्यांना याहून जास्त सांगावं लागलं नाही.

"नुसत्या मापावरून?" डेन्झिल ओरडला. "अशा मापाचे शंभर पाय असतील गावात!"

"असतील," नेरिडा शांतपणे म्हणाली. "म्हणून तर विचारतेय. कुलपं कुठे पुरलीस ते दाखव. नाका सांग, आपण आत्ता जाऊन उकरू."

डेन्झिलला एकही नाका आठवेना. त्याचा चेहरा लाल झाला. "पण मी चोरलं काय तुमचं? सगळ्या परतच दिल्या ना!"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. पण ते वाक्य चाळीस जणांनी ऐकलं होतं.

मर्व खुर्चीवर चढला. भाषणाची त्याला आवड होती, पण आज त्याने आधी स्टाव्रुलाबाईंकडे पाहिलं. "यात चमत्कार एवढाच, की हा रात्री कुलूप तोडायचा, सीट आपल्या मापाला आणायचा, पुलाखाली सायकल टाकायचा आणि सकाळी लंगडत इथे यायचा. डोळे मिटायला आपल्याला यानेच सांगितलं, पण मिटले आपण. सर्वांत घट्ट मीच मिटले होते. माझ्यामुळे स्टाव्रुलाबाईंचा तो दिवस हुकला आणि तो मला परत आणून देता येणार नाही. तेव्हा यापुढे पुरावा मागा. माझ्याकडे, नेरिडाकडे, सगळ्यांकडे मागा. मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे दोनदा मागा. आणि आज घरी जायच्या आत सायकल उलटी करून खालचा कोरलेला नंबर लिहून घ्या. लहरींपेक्षा तो बरा."

तासाभरात पोलीस आले. दुकानासमोर उलट्या सायकलींची रांग लागली होती आणि सगळे चष्मे लावून नंबर वाचत होते.

नेरिडाने स्टाव्रुलाबाईंच्या हँडलवरच्या निळ्या डोळ्याला बोट लावलं. "काय हो, हा एवढा डोळे फाडून बसला होता. यालाही दिसलं नाही?"

स्टाव्रुलाबाईंनी डोळ्याकडे पाहिलं, मग दुकानातल्या खुंट्यांकडे.

"असू दे. छान दिसतो तो," त्या म्हणाल्या. "पण ते जाड कुलूप काढ बघू. नको, त्याच्या शेजारचं. अजून जाड."