खताच्या ढिगातली अंडी

सप्टेंबरचा पहिला शनिवार होता. गावाच्या सामाईक बागेतल्या माझ्या भाड्याच्या वाफ्यात घेवड्याचे वाळलेले वेल मी काठ्यांवरून ओढून काढले, कांदे शेडमध्ये टांगले आणि कोबीवरची फाटकी जाळी दोऱ्याने शिवली. उरलं होतं ते एकच काम, कंपोस्टचा ढीग उलथायचं. ते मी दर वर्षी टाळायचे, कारण खालचं खत काढायला कंबर लागते आणि माझी कंबर शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं मोठी भांडी उचलून केव्हाच गेली होती.

शेजारच्या वाफ्याचे आयव्हर पग कुंपणापाशी उभे होते. वय एक्क्याऐंशी, डोक्यावर कायम टोपी.

"विनी, त्या ढिगाकडे नुसतं बघून खत होत नाही गं."

"मग तुम्हीच या की. दाताळं आहे तिथे."

"मला वाटलंच तू हे म्हणणार," असं म्हणत ते दार उघडून आलेसुद्धा.

मी वरचा गालिच्याचा जुना तुकडा बाजूला केला. ढिगातून वाफ निघाली. आयव्हरनी दोन-तीन वेळा दाताळं हळूच आत घालून खत सैल केलं, आणि एकदम थांबले.

"हात लावू नकोस," ते म्हणाले.

आत अंडी होती. पांढरी, लांबट, कातड्यासारखी मऊ आणि एकमेकांना चिकटलेली. आधी मला वाटलं, एखाद्या मोठ्या गोगलगायीने घातली असतील. मग एका अंड्याच्या टोकाला बारीक चीर दिसली आणि त्या चिरेतून बोटाच्या पेरापेक्षाही लहान डोकं बाहेर आलं. मानेभोवती पिवळा पट्टा.

"साप," मी म्हणाले. मला लहानपणापासून सापाची इतकी भीती, की पुस्तकातलं त्याचं चित्र असलेलं पान मी बाजूने चिमटीत धरून उलटायचे.

"बिनविषारी आहे. चावायचा नाही," आयव्हर म्हणाले. "पळायचं तर पळ. मी सांगणार नाही कोणाला."

मी पळाले नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. डोकं बाहेर आलं, काळी जीभ एकदा लपलपली, आणि ते पुन्हा आत गेलं. जणू जगाचा वास घेऊन विचार करायला गेलं. मग शेजारचं अंडं फाटलं. मग आणखी एक. आम्ही दोघं उपड्या बादल्यांवर बसलो. चहा फ्लास्कमध्येच निवला.

"यांना कोण शिकवतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. आई जूनमध्येच अंडी घालून निघून गेली."

"आणि ऊब?"

"तुझ्या बटाट्याच्या सालींची."

उन्हाळाभर मी त्या ढिगावर साली, चहाची भुकटी, गवत टाकत होते, आणि आत हे चाललं होतं. अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हता. दुपारी चारच्या सुमारास पहिलं पिल्लू सगळंच्या सगळं बाहेर आलं. पेन्सिलीएवढं लांब, ओलं, चमकदार. ते माझ्या बुटावरून गेलं. वजनच लागलं नाही. आयव्हरनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"उद्या बागेच्या कमिटीची पाहणी आहे," शेवटी ते म्हणाले. "ढीग तसाच पडलाय म्हणतील."

"म्हणू देत."

आम्ही गालिच्याचा तुकडा हलक्या हाताने परत टाकला आणि कुंपणाला पाटी अडकवली: 'उलथू नका. पिल्लं आहेत.' कमिटीच्या बाईंनी पाटी वाचली, गालिच्याखाली डोकावल्या, आणि वहीत काही न लिहिता बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

बुधवारपर्यंत सगळी गेली. उरली होती रिकामी टरफलं, ओल्या कागदासारखी. मोजली तर सव्वीस निघाली. त्यातलं एक आयव्हर खिशात घालून घरी घेऊन गेले, बायकोला दाखवायला.