तुझं मत काय?

नर्सबाईला नणंदेच्या शिकवण्यात काहीतरी काळंबेरं वाटू लागलं होतं.

मुख्य परिचारिकेच्या परीक्षेत ती दोनदा आपटली होती. या खेपेला पास झाली, तर रात्रपाळी सुटणार होती आणि तिची लेक तिच्या कुशीत झोपणार होती. सध्या लेक झोपायची आत्याच्या कुशीत. आणि अभ्यास घेत होती तीच आत्या! कॉलेजात शिकवणारी, पेपरांचे गठ्ठे तपासून चष्म्याचा नंबर वाढवून घेतलेली.

"प्रश्नाचा शेवट आधी वाच," ताई म्हणायची. "'वर्णन करा' असेल तर कसं आहे ते सांग. 'तुलना करा' असेल तर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेव. आधी एकीचं पुराण, मग दुसरीचं, असं नको. आणि 'मूल्यमापन करा' आलं, की बरंवाईट तोलून तुझं मत दे."

"माझं मत?"

"मग काय शेजारणीचं?"

इथेच पाल चुकचुकली. वॉर्डात पाळी बदलताना जे जे दिसलं ते सगळं सांगायचं, आपलं मत मात्र चुकूनही लिहायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं. नवी असताना तिनं 'रुग्ण चिडला आहे' असं लिहिलं, तेव्हा मोठ्या सिस्टरनी तिला फैलावर घेतलं होतं. "तुला काय त्याच्या मनातलं कळतं? 'रुग्णाने ताट ढकलले' एवढंच लिही!"

तिनं कष्टानं लिहिलेलं सरावाचं उत्तर ताईनं निम्म्याहून जास्त खोडलं. "माहिती भरपूर आहे गं, पण विचारलंय कुणी?"

खोडते की पाय ओढते?

एका दुपारी दाराआडून ताईचा लाडिक आवाज आला. "आई पास झाली की आत्याला विसरशील ना गं, लबाडे?"

नर्सबाई तडक आत गेली. "ताई, मी पास व्हावं असं वाटतं ना तुम्हाला? खरं सांगा."

ताई पोरीचं टोपडं नीट करत राहिली. टोपडं तर नीटच होतं.

"नाही वाटत," शेवटी ती म्हणाली. "रात्री ही माझं बोट धरून झोपते. ते जाईल." मग तिनं चष्मा वर सारला. "पण शिकवलंय त्यात खोट नाही. खोटं शिकवायला मला जमत नाही, नाहीतर केव्हाच शिकवलं असतं!"

नर्सबाई रात्रभर वॉर्डात तेच घोळवत राहिली. ताई गोड बोलून 'हो' म्हणाली असती, तर संशय आणखी बळावला असता.

परीक्षेत प्रश्न आला: 'आजारी मुलाजवळ रात्री आईला थांबू न देण्याच्या नियमाचे मूल्यमापन करा.'

सवयीनं हात नियमाचं वर्णन लिहू लागला. ओळ अर्धी झाली आणि तिनं पेन कागदावरून उचललं. ताईनं मुद्दाम फसवलं असेल तर? हा पेपर गेला तर आणखी एक वर्ष.

तिनं ती ओळ खोडली. नियमाचा फायदा लिहिला: गर्दी कमी, संसर्ग कमी. तोटा लिहिला: मूल रडतं, औषध थुंकतं, जागं राहतं. मग तिनं नोकरीत कधीच न लिहिलेलं वाक्य लिहिलं:

'माझ्या मते हा नियम बदलायला हवा.'

का बदलायला हवा, हे लिहायला मात्र तिला जराही थांबावं लागलं नाही.