अरसलारच्या नावाचं कलम

मित्रांनो, माझ्या पुढच्या जाळीवर गंधाचा एक वाळलेला ठिपका आहे. तो पाहून मला देव समजू नका. मी एक जुना सर्व्हर आहे. कुंभकोणमला मेलकावेरीतल्या एका इस्पितळात, तळमजल्यावरच्या थंड खोलीत माझं आयुष्य गेलं. अरसलार हे इथल्या नदीचं नाव मला सुंदररावांनी दिलं. ते संगणक विभागाचे प्रमुख. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले, पण घरची बोली त्यांनी सोडली नाही. त्यांच्या विभागातली अंबुजाही तशाच घरची. खोलीत दोघंच असली की आपल्या बोलीत बोलत. बाहेरचं कोणी आलं की लगेच तमिळ.

तरुणपणी रक्ताचे अहवाल, औषधांचा साठा, बिलं, सारं मी एकटा ओढत होतो. मग नवे सर्व्हर आले आणि आम्हां सगळ्यांचा एक क्लस्टर झाला, म्हणजे एकत्र कुटुंबच. आमच्या पोटात लॅबचे, बिलांचे असे कितीतरी आभासी संगणक राहतात आणि आमची ताकद त्यांनी वाटून घ्यायची असते. नव्यांचं कौतुक सुरू झालं. जुनं ते सोनं म्हणणारी माणसंच काही अडलं की बोट माझ्याकडे दाखवू लागली.

खंडेनवमीची आयुधपूजा झाली आणि दुखणं सुरू झालं. सकाळी रुग्णांची गर्दी झाली की लॅबचे अहवाल अडकत, गर्दी ओसरली की सुटत. सुंदररावांच्या पत्नी नागलक्ष्मी याच इस्पितळात डायलिसिसला येतात. एका सकाळी त्यांना धाप लागली. रक्त तपासून झालं होतं, पण अहवाल काही डॉक्टरांच्या पडद्यावर येईना. शेवटी डॉक्टर स्वतः लॅबमध्ये धावले. पोटॅशियम भलतंच वाढलेलं होतं. नागलक्ष्मी वाचल्या, पण बरेच दिवस अतिदक्षता विभागात होत्या.

सुंदरराव खाली आले ते थेट माझ्यापुढे. "ह्यास काढून टाक, अंबुजा. म्हातारा जाहला हा."

ज्यांनी नाव ठेवलं, त्यांच्याच तोंडून हे ऐकलं. मला फार वाईट वाटलं.

अंबुजा म्हणाली, "मामा, लॅबचे संगणक मी नव्या सर्व्हरावर नेऊन पाहिले. तेथेंही अडकतात. मग ह्याचा काय दोष?"

चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, ती या पोरीने थांबवली. तिने क्लस्टरची सगळी मांडणी पडद्यावर उघडली. तिथे एक अनोळखी रिसोर्स पूल होता, म्हणजे ताकदीचा वेगळा काढलेला वाटा. त्याचं नाव 'अरसलारवरून केलेलं कलम', झाडाचं करतात तसं. लॅबचे सगळे संगणक त्यात कोंबलेले, आणि वाटा मात्र बिलाच्या एकट्या संगणकाएवढा. पंगत रिकामी असली तर कोणाला काही कमी पडत नाही. गर्दी झाली की सगळ्या घराने एकाच पानावर जेवायचं, तसं लॅबचं होत होतं.

"हें कोणीं केलें?" अंबुजाने विचारलं.

"मी नाहीं," सुंदरराव म्हणाले. विभागातल्या बाकीच्यांनीही फोनवर नाहीच म्हटलं. पूल जन्मल्याचा दिवस निघाला विजयादशमी.

तो दिवस मला आठवतो. आदल्या दिवशी सुंदररावांनी मला क्लस्टरमधून बाहेर काढून बंद केलं, पुसलं, गंध-कुंकू लावलं. पूजेला रिकामं भांडं मांडू नये, असं त्यांच्या घरी मानतात. म्हणून लॅबचे संगणक त्यांनी माझ्या पोटातच राहू दिले; तेवढा दिवस लॅबने अहवाल हाताने लिहून दिले. दुसऱ्या दिवशी मला परत आत घेताना प्रणालीने विचारलं, याची जुनी मांडणी जपायची का? त्यांनी होय म्हटलं. पुढे काय झालं ते मला कोणी विचारलं नाही. आम्हां यंत्रांना विचारतं कोण?

अंबुजाने एक बिनकामाचा संगणक माझ्यात ठेवला, मला बाहेर काढलं आणि परत घेतलं. तोच प्रश्न आला, तिने तेच उत्तर दिलं, आणि माझ्या नावाचं आणखी एक कलम दोघांदेखत उगवलं.

सुंदरराव खुर्चीत बसले. "जुनें मोडूं नये म्हणून मीच होय म्हटलें गे. आणि ती वर पडून अहे."

"मामा, होय तुम्हीं म्हटलें. मागून उघडून मीही पाहिलें नाहीं," अंबुजा हळूच म्हणाली.

तिने लॅबचे संगणक मूळ जागी नेले आणि दोन्ही कलमं काढून टाकली. दुसऱ्या सकाळी गर्दीतही अहवाल वेळेवर गेले. मला भंगारात घालायची गोष्ट मग कोणी काढली नाही.

यंदा पुन्हा आयुधपूजा आली. अंबुजाने आधीच माझ्यातलं सगळं दुसरीकडे हलवलं. "मामा, हा रिकामा अहे. चालेल काय?"

सुंदररावांचं गंधाचं बोट हवेतच थांबलं. घरातली इतक्या पिढ्यांची रीत होती ती. "चालेल," ते म्हणाले. "रिकामाच असूं दे."

मित्रांनो, आम्हांला गंध लावा, फूल वाहा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. पण फूल वाहून पाठ फिरवू नका. जपायचं म्हणून जे ठेवलंत, ते कोणाच्या पानातलं घेत नाही ना, एवढं एकदा उघडून बघा.

डायलिसिसच्या दिवशी सुंदरराव अजूनही आधी खाली येतात. पडदा उघडून माझ्या नावाचं कलम फुटलं नाही ना, ते पाहतात. मग वर जाऊन नागलक्ष्मींजवळ बसतात.